फायटर माशासाठी मिळणारं झोपायचं पान: आमच्या फौजदार नावाच्या माशाने वापरून पाहिलेलं

पान दिसायला साधंच आहे. हिरवं, मऊ प्लास्टिकचं, चार इंच लांब, अडीच इंच रुंद, आणि देठाच्या टोकाला पारदर्शक सक्शन कप. कप टाकीच्या काचेला आतून दाबून चिकटवायचा, म्हणजे पान पाण्याखाली आडवं राहतं आणि फायटर मासा त्यावर येऊन पहुडतो. ठाण्यात माशांच्या दुकानांत शंभर-दीडशेच्या घरात मिळतं. मला १२० रुपयांना मिळालं. झू मेड या अमेरिकन कंपनीचं ‘बेटा बेड’ (बेटा हे फायटरचंच दुसरं नाव) म्हणून जे पान आहे, ते या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं. माझं ते नाही. माझ्या पाकिटावर नुसतं माशाचं चित्र होतं, नावगाव काही नाही. त्यामुळे मी लिहितेय ते कुठल्या कंपनीबद्दल नाही, या वस्तूबद्दल आहे.

मत आधीच सांगून टाकते. फायटर पाळला असेल तर टाकी, झाकण आणि स्पंज फिल्टर झाल्यावर पुढचे पैसे या पानावर घाला. फक्त पाकिटातून काढून तसंच पाण्यात सोडू नका.

माझा धंदा ब्लाउज शिवायचा. चरईत घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, कटिंगचं टेबल आहे, ट्रायलसाठी उभा आरसा आहे, आणि आरशात दिसणार नाही अशा कोपऱ्यात लाकडी स्टुलावर माशाची टाकी आहे. मशीनच्या टेबलावर ती मुद्दाम ठेवलेली नाही. मोटर चालली की टेबल थरथरतं आणि माशाला अंगाच्या कडेने पाण्यातली थरथर कळते. टाकी १५ बाय ९ बाय १० इंच. काठोकाठ भरली तर २२ लिटर पाणी बसेल, पण मी वर पावणेदोन इंच मोकळं ठेवते, म्हणजे पाणी साधारण १८ लिटर. वर जाळीचं झाकण, कारण हा मासा उडी मारतो.

मासा हाफमून जातीचा नर आहे. अंग गडद निळं, परांच्या कडा लाल. शेपूट पूर्ण उघडली की हाफ अंब्रेलाचा घेर पसरावा तसं सरळ अर्धवर्तुळ होतं. नाव फौजदार. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं, कारण खोलीत नवीन माणूस आलं की हा सगळ्यात आधी काचेशी येतो, दोन्ही डोळे पुढे आणून बघतो, आणि मगच मागे वळतो.

एवढी मोठी शेपूट दिसायला सुंदर, पण दिवसभर वागवायला जड. आखूड परांचा प्लाकट जातीचा फायटर टाकीत सुसाट फिरतो. हाफमून थोडा पोहला की टेकायला जागा शोधतो. जागा नसेल तर फिल्टरच्या नळीमागे अडकून बसेल, तळाच्या खड्यांवर पडून राहील, थर्मामीटर आणि काच यांच्यामध्ये स्वतःला कोंबून घेईल. पान नव्हतं तेव्हा फौजदार हे सगळं करायचा. नळीमागे बसून नुसतं तोंड बाहेर काढलेलं, असं त्याचं ध्यान बघून गिऱ्हाइकं हसायची. मला मात्र त्या नळीच्या खडबडीत कडेची काळजी वाटायची.

कारण परांच्या काड्यांमधला पडदा फार पातळ असतो, जराशा टोकाने फाटतो. आणि स्वस्तातल्या प्लास्टिकच्या वस्तूंना साच्याची रेघ राहते, टोकाला बारीक काटा राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही नीट लागत नाही. मासे पाळणारे लोक अशा वस्तूंवरून नायलॉनचा पायमोजा फिरवून बघतात; धागा ओढला गेला तर माशाचा परही फाटणार. माझ्याकडे चिंध्यांची पिशवीच आहे. त्यातली शिफॉनची चिंधी घेतली, बोटाच्या टोकाला गुंडाळली आणि पानाच्या कडेवरून सावकाश फिरवली. वरून, मग खालून, मग देठाच्या सांध्यावरून. दोन ठिकाणी अडकली: एकदा पानाच्या टोकाला, एकदा देठ जिथे पानाला जोडलाय तिथे. टोकाला तर शिफॉनचा धागा चांगला बोटभर ओढला गेला. तिथे माझ्या फौजदाराची शेपूट आली असती. नखं घासायच्या कानशीने आधी ती जागा घासली, मग बारीक पॉलिशपेपर फिरवला, आणि चिंधी सरसर सरकायला लागली तेव्हाच थांबले. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे. शिफॉन नसेल तर जुनी ओढणी चालेल, जॉर्जेटची किंवा कुठलीही सुळसुळीत.

दुसरी गोष्ट देठाची. देठ वाकवून पान खाली-वर करता येतं, ते आत तार असते म्हणून. मी टाचण्या उचलायला ठेवते ते लोहचुंबक देठाला लावलं तर चटकन चिकटलं. म्हणजे तार लोखंडी. प्लास्टिकने ती दोन्ही टोकांना पूर्ण झाकलेली असेल तर हरकत नाही, पण टोक उघडं असेल तर पाण्यात गंजणार. दुकानात उभ्या उभ्या हे बघून घ्या. तार बाहेर डोकावत असेल तर दुसरं पाकीट मागा. माझ्या पानाची टोकं बंद होती. दर वेळी पाणी बदलताना मी तिथे नजर टाकते.

तिसरी गोष्ट भिजवण्याची. अस्तर कापायच्या आधी मी ते भिजवते. आटतं किती आणि रंग सोडतं का, दोन्ही कळतं. पानही पांढऱ्या वाडग्यात गरम पाणी घेऊन रात्रभर ठेवलं. रंग उतरला नाही, पण पाण्याला प्लास्टिकचा वास आला. पाणी बदलून पुन्हा ठेवलं, वास जाईपर्यंत. साबण, डिटर्जंट, भांडी घासायचं लिक्विड यातलं काहीही नाही. त्याचा अंश राहिला तर माशाला बाधतो.

आता पान लावायचं कुठे? पाकिटावर काही लिहिलेलं नसतं आणि दुकानदार म्हणतो, ‘ताई, कुठेपण लावा.’ कुठेपण नाही. पाण्याच्या पातळीपासून एक ते दीड इंच खाली, आणि फिल्टरच्या बुडबुड्यांपासून लांबच्या काचेला. यामागे माशाचं शरीर आहे. फायटर इतर माशांसारखा कल्ल्यांनी तर श्वास घेतोच, पण त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला घड्या-घड्यांचा एक वेगळा अवयव असतो. लॅबिरिंथ म्हणतात त्याला. त्यामुळे तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, आणि घ्यावीच लागते. थायलंडच्या मध्य भागातली भातखाचरं, दलदली, गवताने भरलेली उथळ डबकी हे त्याच्या रानटी भाईबंदांचं घर. तिथे पाणी कोमट आणि संथ, त्यात प्राणवायू कमी, पण जिकडेतिकडे पानं आणि देठ. टेकायचं, वर जाऊन हवेचा घोट घ्यायचा, पुन्हा टेकायचं, अशी त्याची राहणी. पान खोल लावलं तर त्याला प्रत्येक घोटासाठी लांब चढून यावं लागतं, फार वर लावलं तर पाठीवरचा पर पाण्याबाहेर राहतो. दीड इंचावर लावलं की फौजदार नुसती मान उचलल्यागत पुढचं अंग वर करतो, टप् करून हवा घेतो, आणि होता त्याच जागी खाली येतो. शेपूट पानावरून हलतही नाही.

पान पहिल्यांदा आत गेलं तेव्हा तो त्याच्यावर धावून गेला. फायटर चिडला की कल्ल्यांची झाकणं पुढे ताणून उभी करतो आणि त्यांच्याखालची काळपट झालर बाहेर येते, दाढी फुटल्यासारखा दिसतो. सगळे पर ताठ, अंग थरथरतंय, आणि समोर काय तर प्लास्टिकचं पान. त्याने पानाला दोन फेऱ्या मारल्या, देठाला तोंड लावून बघितलं, मागे सरकला, पुन्हा दाढी फुगवली. नवीन वस्तूशी तो असाच वागतो. पाण्याची उंची मोजायला मी काचेला इंचटेप लावला की टेपवरही तो दाढी काढतो, आणि टेप सरकवला तर त्याच्यासोबत काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत येतो. खडूची वडी, बॉबिनचा डबा, टाचण्यांची उशी, टाकीशेजारी काहीही नवीन ठेवलं की आधी त्याची तपासणी होते. एकदा खात्री पटली की मग त्या वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. पानाची खात्री पटायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला तो पानाखालून जायचा, वर टेकायचा नाही. मी पान हलवलं नाही, जागा बदलली नाही. तुम्हीही बदलू नका.

मग एका संध्याकाळी सासूबाईंची हाक आली, ‘अगं, लवकर ये, फौजदार आडवा झालाय!’ त्या घाबरल्या होत्या. मी धावत गेले तर साहेब पानावर कुशीवर पडलेले. डोकं काचेकडे, शेपूट पानाच्या कडेवरून खाली लोंबतेय, निळा रंग थोडा फिका पडलेला. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळा उघडाच, आणि त्यामुळेच बघणाऱ्याला वाटतं की गेला. मी म्हटलं, ‘आई, त्याच्या गालाकडे बघा.’ कल्ल्याचं झाकण अगदी सावकाश उघडमीट होत होतं. बाजूचा छोटा पर मधूनच थोडा हलत होता. आम्ही दोघी स्टुलाशेजारी बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने त्याने डोळा फिरवला, फक्त डोळा, आमच्याकडे बघितलं, आणि अंग तसंच ठेवलं. तेव्हापासून सासूबाई त्याच्या झोपेच्या राखणदार झाल्या आहेत. कुणी मोठ्याने बोललं तर म्हणतात, ‘हळू, तो आत्ताच टेकलाय.’

तुम्ही पान घेतलंत तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फायटर कुशीवर झोपतो, कधी नाक वर करून उभ्याने झोपतो, कधी पान आणि काच यांच्या बेचक्यात अर्धा वाकून झोपतो, कधी पानाखाली पाठ टेकवून तरंगत राहतो. ट्रायलला आलेल्या बायका आजही मला हळूच सांगतात, ‘ताई, तुम्हाला कळलं नाही वाटतं, तो मासा…’ आणि तेवढ्यात हा उठतो, आळस दिल्यासारखं तोंड पूर्ण उघडतो, पर ताणतो, आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो. कितीदा बघितलं तरी मला त्यात तितकाच आनंद होतो.

पण आडवं पडणं म्हणजे दर वेळी आरामच, असं नाही. पानाचा एक धोका असा की आजारी मासाही त्यावर पडून राहतो आणि आपण म्हणतो, बघा किती आरामात आहे. फरक असा ओळखायचा: आराम करणारा फायटर आपण जवळ गेलो की डोळा फिरवतो, खाण्याच्या वेळी उठतो, उठल्यावर पर मोकळे सोडतो. पर अंगाला घट्ट मिटलेले, दाणे टाकले तरी हालचाल नाही, श्वास भरभर, रंग दिवसभर फिका, असं दिसलं तर आधी पाणी तपासा. छोट्या टाकीत विष्ठेचा आणि उरलेल्या खाण्याचा अमोनिया लवकर साठतो. मी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून बादलीत डिक्लोरिनेटरचे थेंब टाकून मगच आत ओतते. आणि थंडीत पाण्याची उष्णता बघा. ठाण्यात आपण स्वेटर काढतो ते मिरवण्यापुरते, पण फायटरला २५ ते २७ अंश मानवतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री २४ च्या खाली गेलं की तो मंदावतो, खाणं कमी करतो, पानावरच बसून राहतो. १८ लिटरला २५ वॅटचा हीटर पुरतो. तेवढा महिना-दीड महिना मी तो लावते.

दिवसाचा त्याचा क्रम आता ठरलेला आहे. सकाळी मशीन सुरू झालं की तो पानावरून उतरतो, टाकीची हद्द तपासून येतो, मग पुन्हा पानाजवळ. दुपारी मी मोटर बंद करते आणि त्याला दाणे देते. त्यामुळे मशीनचा आवाज थांबला की तो पुढच्या काचेशी हजर. मी नुसती बॉबिन बदलायला थांबले तरी हजर! तिथे वर-खाली, वर-खाली नाचत राहतो आणि मी पुन्हा पायडल दाबलं की पानावर जाऊन बसतो. खाण्याच्याही त्याच्या तऱ्हा आहेत. दाणा तोंडात घेतो, थुंकतो, त्याच्याकडे बघतो, पुन्हा घेतो. दुसरा दाणा वर तरंगत असताना पहिला खाली सुटला तर कुठल्यामागे जावं हे त्याला ठरवता येत नाही आणि तो जागच्या जागी फिरतो. एका वेळी तीन दाणे, दिवसातून दोनदा, एवढंच मी देते. जास्त खाल्लं की पोट फुगतं. गुरुवारी माझा उपास असतो, त्या दिवशी त्याचाही. आठवड्यातून एक दिवस रिकामा गेला तर फायटरचं पोट बरं राहतं.

लग्नसराईत माझ्या खोलीतला दिवा रात्री बारापर्यंत चालू असतो. माशाला अंधार हवा, म्हणून नऊ वाजले की टाकीच्या तीन बाजूंनी सुती कापड सोडते, वरची जाळी मोकळी. बाहेर अंधार आणि टाकीत दिवा, हे तर अजिबात करू नका. काच आतून आरसा होते आणि फायटर रात्रभर स्वतःवरच धावून जातो.

हे आरशाचं थोडं लांबवते, कारण पानाच्याच शेजारी दुकानात टांगलेला छोटा तरंगता आरसा हमखास गळ्यात मारतात, ‘ताई, मासा ॲक्टिव्ह राहतो’ म्हणून. मिनिटभर दाखवला तर ठीक आहे, पर ताणले जातात, व्यायाम होतो. पण तो टाकीतच ठेवून दिला तर माशाला वाटतं की शत्रू घरात राहायला आलाय. थायलंडमध्ये या माशाला झुंजीसाठीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं. २०२२ साली त्याच्या जनुकांवर जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात माणसाने त्याला पाळायला निदान हजार वर्षं झाली असावीत असं निघालं. इतका जुना स्वभाव. दिवसभर खोट्या शत्रूशी लढून तो दमेल, खाणं सोडेल, स्वतःचीच शेपूट चावेल. आरशाचे पैसे वाचवा. माझ्या मते तळाशी ठेवायची भोकाभोकांची किल्ल्याची खेळणीही नकोत. त्यात हा डोकं घालतो आणि अडकतो.

पानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पाकिटावर लिहिलेली नव्हती. पान लावून थोडे दिवस झाले आणि एका सकाळी देठ आणि काच यांच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पातळीवर, बुडबुड्यांचा थर दिसला. मला वाटलं फिल्टरचे असतील. हात न लावता जवळून बघितलं: एकसारखे, बारीक, एकमेकांना चिकटलेले, फुटत नाहीत. मग फौजदारच वर आला, हवा घेतली, पानाखाली गेला, तोंडातून एक बुडबुडा सोडला, आणि तो जागेवर बसला का ते बघायला मागे सरकला. मग दुसरा. मधला एक फुटला तर लगेच तिथे नवीन. हे त्याचं घरटं. तोंडातल्या चिकट द्रावाने बुडबुड्याला वेढा पडतो म्हणून ते टिकतात. या माशात पिल्लांचं सगळं बाप बघतो: मादीने अंडी सोडली की तो ती तोंडाने झेलतो, एकेक करून बुडबुड्यांत बसवतो, खाली पडलेलं पुन्हा उचलून ठेवतो, आणि पिल्लं स्वतः पोहायला लागेपर्यंत राखण करतो. मादी जवळपास नसली तरी नर घरटं बांधतो. रानात ते पाण्यावरच्या पानांच्या आडोशाला असतं. आमच्याकडे १२० रुपयांच्या पानाने तो आडोसा दिला.

घरटं दिसलं की गिऱ्हाइकं म्हणतात, ‘ताई, आता त्याचं लग्न करून द्या.’ मी हात जोडते. नर-मादी एका छोट्या टाकीत सोडली तर नर मादीला मारून टाकू शकतो. जुळणी करायची तर वेगळ्या टाक्या लागतात, अनुभव लागतो, आणि पिल्लं शेकड्यांनी झाली तर ती ठेवायची कुठे? घरटं आहे, तो रमलाय, माझ्यासाठी एवढं भरपूर आहे. पाणी काढताना मी नळी तळाशी नेऊन सावकाश काढते, म्हणजे पातळी उतरली तरी थर काचेला धरून राहतो. मोडलाच तर तो थोडा वेळ पानामागे जाऊन बसतो, पाठ आमच्याकडे, आणि मग पुन्हा कामाला लागतो.

आता पानाचे दोष. सक्शन कप हा सगळ्यात कच्चा भाग. काचेवर शेवाळाचा पातळ थर आला की तो सुटतो. माझा रात्रीतून सुटला. पान तळाशी पडलं होतं आणि फौजदार ज्या जागी ते असायचं नेमका तिथेच, काचेशी, उघड्या पाण्यात पर हलवत उभा. खालच्या पानाकडे तो गेलाच नाही. कप काढून गरम पाण्यात ठेवला की रबर मऊ होतं. काच पुसून, कप ओला करून, मधली हवा दाबून काढली की पुन्हा धरतो. दोन-तीन आठवड्यांनी हे करावंच लागतं. कप कडक झाला की नुसता कप वेगळा विकत मिळत नाही, निदान मला नौपाड्यात विचारून मिळाला नाही. बनवणाऱ्यांनी जोडीला एक जास्तीचा दिला तर फार बरं होईल. दुसरं, पानाच्या वरच्या बाजूला खळगा असेल तर त्यात घाण साठते. सपाट किंवा किंचित उतरतं पान निवडा. तिसरं, गोल बाउलच्या काचेला कप धरत नाही. पण फायटर बाउलमध्ये ठेवला असेल तर आधी पैसे टाकीत घाला.

कुणी म्हणेल प्लास्टिक कशाला, खरं झाड लावा. पटतं मला. अनुबियास म्हणून टाकीत लावायचं झाड मिळतं, त्याची पानं रुंद, जाड असतात, कमी उजेडात जगतात, आणि फायटर त्यावरही छान पहुडतो. पण ते हळू वाढतं, पान पाण्याच्या वरच्या भागापर्यंत यायला वेळ लागतो, आणि रोप महाग. मी दोन्ही ठेवलंय, अनुबियास तळाला लाकडाला बांधून आणि प्लास्टिकचं पान वर. तिसरं पान फुकटचं: आपल्याकडे सोसायट्यांत, रस्त्याच्या कडेला जे देशी बदामाचं झाड असतं, त्याचं गळून वाळलेलं तपकिरी पान. थायलंडचे लोक फायटरच्या पाण्यात तेच घालतात. फवारणी होत नाही अशा झाडाचं घ्यायचं, धुवायचं, भिजवायचं आणि एकच सोडायचं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि फायटरला ते आवडतं. सुरुवातीला ते तरंगतं, तेव्हा फौजदार त्याच्या सावलीत जातो. बुडालं की त्यावरून घसरत खाली येतो. पण काही आठवड्यांत ते कुजून जाळी होतं. झोपायला म्हणून त्याचा भरवसा नाही.

घेताना एकच पान घ्या, दोनच्या पाकिटाला भुलू नका. छोट्या टाकीत दुसऱ्यामुळे पोहायची जागा अडते. आणि दोन पानं आहेत म्हणून दोन नर एका टाकीत सोडायचा विचारही करू नका. पान जुनं झालं, तडकलं, कडा खरखरीत झाल्या (शिफॉनची चिंधी अधूनमधून फिरवत राहा) की नवं आणा, पण जुनं लगेच काढू नका. नवं घासून, भिजवून त्याच्या शेजारी लावा. फौजदाराने माझ्या नव्या पानावरही आधी दाढी काढली, मग देठ तपासला, आणि झोपायला जुन्यावरच गेला. तो नव्यावर टेकलेला दिसला, त्यानंतरच मी जुनं बाहेर काढलं.